आर्थ्रिटिक : अर्थ आणि उपयोग

४ नोव्हेंबर, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.

निमित्त : शब्दकोशाचं काम मिळालं. शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी कोश. माझ्या वाट्याला 'ए' हे अक्षर. सुरुवातच माझ्यापासून, हा योगायोग नसावा. संपादकबाई माझ्याच विद्यार्थिनी. शाळेत असताना स्पेलिंगमध्ये कच्च्या होत्या. आता फिरत्या खुर्चीवर त्या आणि स्टुलावर मी. असो. हा कोश पुढे माझ्या नावाने ओळखला जाईल, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

हिला सांगितलं. ही कुणाच्यातरी पडद्याची दुमड शिवत होती. मशीन न थांबवता म्हणाली, बरं झालं, घराबाहेर तरी पडाल. यातलं कौतुक जरा शोधावं लागतं. पण आहे.

९ नोव्हेंबर

काम झपाट्याने. 'आर्म' झाला, 'आर्मी' झाली, 'अरोमा' दरवळून गेला. 'आर्टरी' संपली, 'आर्टिकल' समोर दिसतंय. दोघांच्या मध्ये एकच शब्द आडवा पडलाय : आर्थ्रिटिक.

संपादकबाईंचं मत, 'आर्थ्रायटिस म्हणजे संधिवात' एवढं नाम द्यावं आणि पुढे जावं. मी म्हटलं, बाई, नाम म्हणजे नुसता आजार. विशेषण म्हणजे माणसाला चिकटलेला आजार. त्या म्हणाल्या, सर, पाचवीतल्या मुलाला काय करायचाय चिकटलेला आजार. इथेच शिक्षणाचा ऱ्हास सुरू होतो.

शब्द मोठा गमतीचा आहे. सांध्याला लागतो, माणसाला लागतो, आणि इंग्रज तो एखाद्या जुन्या सरकारी खात्यालाही लावतात. म्हणजे जे हलताना कुरकुरतं आणि शेवटी हलतच नाही. आता मराठीत असा एक शब्द हवा, जो गुडघ्यालाही बसेल आणि खात्यालाही. 'संधिवातग्रस्त' म्हटलं तर गुडघा रडेल आणि खातं हसेल.

शिवाय शब्दाच्या पोटातच 'अर्थ' आहे. जरा सुजून 'आर्थ' झालाय, एवढंच. हा विनोद बाईंना सांगितला. त्यांना फोन आला.

संकल्प : रविवारपर्यंत शब्द शोधणे.

११ नोव्हेंबर

घरातली शिस्त ढासळत चालली आहे, याची नोंद करून ठेवतो. हिने बरण्यांची झाकणं फिरवून लावणं सोडून दिलंय. नुसती वर ठेवते. आज साखरेची बरणी झाकण धरून उचलली. झाकण हातात, साखर फरशीवर. जाब विचारला. म्हणे, घट्ट लावली की मला उघडत नाहीत. मग जोर लावावा ना माणसाने! वयाबरोबर बायकांच्या अंगात आळस शिरतो, असं निरीक्षण आहे.

साखर मीच झाडली. बरीचशी कपाटाखाली.

१४ नोव्हेंबर, रविवार

शब्द सापडला नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवसभर खिळे ठोकत होतं. अशा वातावरणात मोठमोठ्यांना काही सुचलं नसतं.

आणि व्यत्यय किती! सुई ओवून द्या, म्हणून ही सकाळपासून चारदा उठवायला आली. हिची नजर उत्तम आहे, पेपरातल्या बारीक अक्षरातल्या जाहिराती चष्म्याशिवाय वाचते. मग दोरा का ओवता येत नाही? माझं लक्ष वेधून घ्यायचं, दुसरं काय. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकांना असं वाटतं. मनातून मला बरं वाटलं, पण तसं दाखवलं नाही.

१९ नोव्हेंबर

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी थोडा थांबतो. खालच्या वळणावर अर्थाचा विचार, वरच्या वळणावर उपयोगाचा. बघणाऱ्याला वाटतं, गुडघे दुखताहेत. आज शिपायाने वरच्या वळणावर आपणहून खुर्ची आणून ठेवली. विचार करणाऱ्या माणसाला जिन्यात आसन मिळतं, याला मान म्हणतात.

त्या आसनावर बसल्या बसल्या उदाहरणाचं वाक्य सुचलं. लिहून ठेवतो : 'त्या म्हातारीच्या आर्थ्रिटिक बोटांना सुईत दोरा ओवता येत नव्हता.'

काय चित्र आहे! म्हातारी डोळ्यांपुढे उभी राहते. संपादकबाईंनाही आवडलं. विचारत होत्या, सर, हे कुठून सुचलं. मी म्हटलं, कुठून म्हणजे? कल्पनाशक्ती लागते.

२३ नोव्हेंबर

आनंदाची बातमी. हिने शिवणकाम बंद केलं. समोरच्या बाईंच्या मुलीचा फ्रॉक अर्धवट परत पाठवला आणि मशीनवर चादर टाकली. म्हटलं, बरं झालं, घरात खडखड नको. मशीनच्या टेबलाला खिडकीचा उजेड मिळतो. दुपारीच माझी पुस्तकं तिथे मांडली. हिला विचारलं, चालेल ना? म्हणाली, मांडलीच आहेत की.

गप्प गप्प असते हल्ली. रिकामपण.

२६ नोव्हेंबर

संकल्प : शब्द लोकांच्या तोंडून घ्यायचा. कोशकाराने लोकांत मिसळलं पाहिजे. सुरुवात घरातून.

ही स्वयंपाकघरात पातेलंभर गरम पाण्यात हात बुडवून बसली होती. ही नवीनच खोड. मी सहज विचारलं, सांधे हलेनासे झाले की बायकांमध्ये काय म्हणतात? म्हणाली, धरले म्हणतात. बोटं धरली, असं. माझी धरलीत ना, तशी.

मी समजावून सांगितलं की 'धरली' हे क्रियापद झालं. मला विशेषण हवंय, जे नामाच्या आधी उभं राहील. 'आर्थ्रिटिक बोटं' म्हणतात तसं काहीतरी, 'अमुक बोटं'.  मग पाणी गार झालं म्हणून ही उठली. पातेलं उचलताना दोन्ही मनगटांत धरून उचललं, एखादं मांजर उचलावं तसं. अर्धं पाणी ओट्यावर.

लोकांत मिसळून उपयोग नाही. लोकांचं व्याकरण कच्चं असतं.

२ डिसेंबर

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते. बाबा, आईचे हात कसे आहेत, म्हणून विचारत होती. म्हटलं, उत्तम. म्हणाली, तुम्ही बघितलेत का? म्हटलं, रोज बघतो, जेवण वाढते तेव्हा समोरच असतात. त्यावर म्हणाली, आईला डॉक्टरकडे न्या, या आठवड्यात न्या, फोनवर रडत होती ती. मला हे नवीनच. माझ्यासमोर कधी रडली नाही. म्हणजे फार नसावं.

नेईन म्हणालो. सोमवारी.

६ डिसेंबर, सोमवार

'आर्म' ते 'आर्टरी'ची प्रुफं आली. प्रुफं कुणासाठी थांबत नाहीत. डॉक्टर गुरुवारी. ही म्हणाली, बघा तुमच्या सवडीने. किती समजूतदार.

९ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरकडे जायला निघणारच होतो. मग मुळाशी जाऊन विचार केला. डॉक्टर गोळ्या देणार. गोळ्यांनी पोट बिघडणार. त्यापेक्षा व्यायाम. ऑफिसातून येताना हिच्यासाठी रबरी चेंडू आणला. सकाळ-संध्याकाळ मुठीत दाबायचा. हिने हातात घेतला, दाबल्यासारखं केलं आणि डोळे मिटले. चेंडू घरंगळत पलंगाखाली गेला. चिकाटी नाही. मी म्हटलं, उद्यापासून मीही तुझ्याबरोबर व्यायाम करतो. आदर्श घालून द्यावा लागतो.

१२ डिसेंबर, रविवार, सकाळी

आज उठाबशा. माणूस वयाने नव्हे, सवयीने आखडतो, हे सिद्ध करून दाखवणार आहे. हिला समोर बसवणार.

त्याच दिवशी, दुपारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण घरात आता त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या निघाल्या आहेत.

मी बसलो. बसणं उत्तम झालं. उठणं झालं नाही. गुडघ्यांत काही नाही, फरशी गुळगुळीत आहे. पलंगाची कड हाताला लागेना. थोडा वेळ तसाच बसून राहिलो, म्हणजे हिला वाटावं की व्यायाम चालू आहे. मग एका कुशीवर कललो.

ही उठली. म्हणाली, थांबा, मी खालच्या वहिनींना बोलावते. मी म्हटलं, शेजारीपाजारी शोभा नको, तू हात दे. म्हणाली, अहो, हात नको, हात नका धरू. मी म्हटलं, एवढ्याशा कामाला नखरे. आणि तिचा हात धरला आणि सगळा भार टाकून ओढला.

ही ओरडली.

बाळंतपणातसुद्धा ही ओरडली नव्हती, असं हिची आई सांगायची. मी हात सोडला आणि परत खाली आपटलो. ही भिंतीला टेकून, दोन्ही हात छातीशी धरून खाली बसली. आम्ही दोघं जमिनीवर, समोरासमोर. मी फरशीबद्दल बोललो.

आवाज ऐकून खालच्या वहिनी आणि त्यांचे मिस्टर धावत वर आले. मिस्टरांनी माझ्या काखेत हात घालून मला उठवलं. वहिनी हिच्याजवळ बसल्या. हिचा हात त्यांनी आपल्या तळहातावर ठेवला आणि नुसता बघत राहिल्या. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, तुम्हाला लागलं का, म्हणून विचारतील. विचारलं नाही.

१३ डिसेंबर

लेक सकाळच्या पहिल्या गाडीने आली. कुणी कळवलं कळत नाही. आल्या आल्या आईला घेऊन डॉक्टरकडे. मी जाणार होतो, पण गुडघा, म्हणजे फरशीमुळे. शिवाय कुणीतरी घरी हवं.

संध्याकाळी आल्या. रक्त तपासलं, फोटो काढले. लेक म्हणाली, साधा संधिवात नाही, सांधे आतून खात जाणारा आहे. फार आधी यायला हवं होतं. काही बोटं आता सरळ होणार नाहीत. बाकीची वाचवायची तर औषध बरीच वर्षं, आणि ते घेताना कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

मी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, डॉक्टरांनी नेमका कुठला शब्द वापरला? म्हणजे 'तुमच्या आईला आर्थ्रायटिस आहे' असं म्हणाले, की 'बोटं आर्थ्रिटिक आहेत' असं? फरक आहे. पहिल्यात नाम येतं.

लेक उठून आत गेली. दार आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

१५ डिसेंबर

ही लेकीकडे गेली. पंधरा दिवसांसाठी. तिथे चांगलं हॉस्पिटल आहे. बॅग लेकीने भरली, ही खुर्चीवर बसून सांगत होती. स्वेटर घेतले आणि उन्हाळ्यातले सुती कपडेही घेतले. हिची ही जुनी खोड, चार दिवस जायचं तरी घर उचलून न्यायचं. मी तसं म्हटलंही. कुणी हसलं नाही.

निघताना हिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. आणि सांगितलं, गॅस नीट बंद करत जा.

संकल्प : या पंधरा दिवसांत नोंद पूर्ण करणे. स्वयंपाक शिकणे. ही परत येईल तेव्हा थक्क झाली पाहिजे.

२१ डिसेंबर

स्वयंपाक हे शास्त्र आहे, आणि बायकांनी ते उगाच गूढ करून ठेवलंय. आज अंडं उकडलं. विचार करता करता पाणी संपलं. पातेलं काळं. अंडं मात्र फुटलं नव्हतं, हे महत्त्वाचं.

खालच्या वहिनींनी भाजी पाठवली. परत पाठवणार होतो. भांडं गरम होतं, म्हणून राहिलं.

३० डिसेंबर

पंधरा दिवस झाले. फोन केला. ही म्हणाली, औषध लागू पडायला वेळ लागतो, अजून थोडे दिवस. मी म्हटलं, राहा की, मला इथे काही कमी नाही. कामाचा डोंगर आहे. फोन ठेवल्यावर वाटलं, हे जरा जास्तच ठामपणे म्हटलं गेलं.

८ जानेवारी

नोंद वाढत चालली आहे. अर्थ, उगम, उपयोग, लक्ष्यार्थ. विशेषण नामाच्या आधी आलं तर काय छटा, वाक्याच्या शेवटी आलं तर काय छटा. 'ती आर्थ्रिटिक आहे' यात माणूस संपतो आणि आजार उरतो. 'तिची आर्थ्रिटिक बोटं' यात निदान 'तिची' उरते. असं बारीक काम आजवर कुणी केलं नसेल. वाचून दाखवायला घरात कुणी नाही. खिडकीपाशी मोठ्याने वाचलं. समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

मराठी शब्द अजून नाही. येईल.

१७ जानेवारी

संपादकबाईंना नोंद दिली. सगळी पानं. त्या बराच वेळ चाळत होत्या, मला वाटलं भारावल्या. मग म्हणाल्या, सर, हा शब्द आपण गाळतोय. शाळेचा कोश आहे, पानं मर्यादित आहेत. 'आर्टरी'नंतर थेट 'आर्टिकल'.

मी म्हटलं, आणि म्हातारीचं वाक्य? म्हणाल्या, तेही.

'ए'चं उरलेलं काम त्या स्वतःच बघणार आहेत. 'बी' दुसऱ्या कुणाला दिलाय. मला म्हणाल्या, तुम्ही जरा विश्रांती घ्या. मी म्हटलं, मीही हेच सुचवणार होतो. मोठा प्रकल्प माणसाला बांधून ठेवतो.

उठताना त्यांनी विचारलं, सर, मॅडमचे हात आता कसे आहेत? शाळेच्या गॅदरिंगला त्यांनी माझा ड्रेस शिवला होता, परवा रस्त्यात भेटल्या तेव्हा पिशवी कोपरात अडकवून चालल्या होत्या. 'परवा' म्हणजे ऑक्टोबर, हे नंतर कळलं.

म्हणजे यांना ऑक्टोबरपासून माहीत होतं. खालच्या वहिनींना माहीत होतं. बहुधा शिपायालाही. मग मला कुणी सांगितलं का नाही? एवढी साधी गोष्ट लोक वेळेवर सांगत नाहीत.

जिना उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. विचार काहीच करत नव्हतो.

१ फेब्रुवारी

निर्णय घेतला. कोशाचं काम मी सोडल्यामुळे आता वेळच वेळ आहे. जाऊन हिला घेऊन यायचं. औषध काय, इथेही मिळतं. लक्ष ठेवायला मी आहे. घर स्वच्छ केलं. मशीनवरची पुस्तकं उचलून माझ्या जुन्या जागी ठेवली. हिला आवडेल. आगाऊ कळवलेलं नाही. आनंदाचा धक्का.

४ फेब्रुवारी, लेकीच्या घरी

दार जावयांनी उघडलं. या या म्हणाले, पण आधी मागे वळून आत बघितलं.

ही गच्चीत उन्हात बसली होती. हातांना पट्ट्या. नात हिच्या स्वेटरची बटणं लावत होती आणि मुद्दाम चुकीच्या काजात घालत होती. ही हसत होती. हसताना हिचा एक दात पडलेला दिसतो, तो कधी पडला कोण जाणे. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, बस बस.

जेवण झाल्यावर विषय काढला. म्हटलं, चल, सामान भर. घरी सगळी व्यवस्था केली आहे. मी आता स्वयंपाक करतो. गोळ्यांच्या वेळा पाठ करीन. विसरणार नाही. लेक काहीतरी बोलणार होती, हिने तिला डोळ्यांनी थांबवलं.

मग मला म्हणाली, एक विचारू का? माझा कुठला हात दुखतो?

मी नीट विचार केला. माणूस काम उजव्या हाताने करतो. शिवण, चिरणं, लिहिणं, सगळं उजव्याने. झीज तिथेच होणार. मी म्हटलं, उजवा.

ही म्हणाली, दोन्ही.

प्रश्नच फसवा होता. तसं मी म्हटलंही. ही रागावली नाही. म्हणाली, अहो, मी इथेच राहते आता. तुम्ही येत जा अधूनमधून. कुणी पाहुण्याला सांगावं, तसं. मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत ना? ही म्हणाली, चहा घेणार का? आणि लेकीला हाक मारली, कारण हिला कप धरता येत नाही.

५ फेब्रुवारी

परत आलो. लेकीने राहायचा आग्रह केला, एकदा. जावई स्टेशनवर सोडायला आले. उतरताना माझी बॅग घेतली आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरला. मी म्हटलं, गरज नाही. त्यांनी सोडला नाही. फलाटाचा जिना मोठा होता. 

१३ फेब्रुवारी

विशेष काही नाही. वहिनींची भाजी. पाऊण तास खुर्चीत बसून होतो. उठायचं कारण सापडेना.

२२ फेब्रुवारी

एक संकल्प करणार होतो. सकाळी आठवत होता.

२ मार्च, दुपारी

फोन केला. लेकीने घेतला. ही नातीला घेऊन बागेत गेली आहे, संध्याकाळी येईल. विचारलं, औषधाने गुण आहे का. म्हणाली, नव्याने काही बिघडत नाही, हेच पुष्कळ. गेलं ते परत यायचं नाही.

मी बरं म्हटलं.

तिने विचारलं, बाबा, आईला काही निरोप देऊ का? मी म्हटलं, थांब जरा. ती थांबली. बराच वेळ थांबली, हे मान्य करायला हवं. पलीकडे नळ वाहत असल्याचा आवाज येत होता, मग कुणीतरी तो बंद केला.

म्हटलं, निरोप काही नाही. फोन आला होता, एवढं सांग.

ती म्हणाली, सांगते.

मग म्हटलं, तिने विचारलं तरच सांग.